चित्रासाठी

केबलवाला रोमाल्द आला तेव्हा
रोहिदासने त्याला खुर्ची दिली, चहा दिला
आणि सांगितलं, चित्र साफ नाही रे.
चौकोन चौकोन होतात.
बातम्यांतल्या बाईचं कपाळ इथे, हनुवटी तिथे,
क्रिकेटचा चेंडू तर दोन वर्षांत
मी पाहिलेलाच नाही.

खोटं नव्हतं.
आमची डिश आग्नेयेला तोंड करून होती
दोन माडांमधली फट धरून.
लावली तेव्हा फट ऐसपैस.
अकरा वर्षांत झावळ्यांनी झावळ्यांना हात लावले,
वर खाणीच्या ट्रकांची तांबडी धूळ.
केप्यात वारा सुटला की
आधी आमच्या टीव्हीला कळायचं.

मग तो शिडी लावायचा.
कौलांवर पाय कुठे टाकायचा ते त्याला पाठ.
मी खाली दारात,
डोळे पडद्यावर, कान छपराकडे.

"आयलें?"
"ना!"
"आतां?"
"आयलें, आयलें... गेलें!"
"खंय गेलें?"
"मातशें उजवेकडेन!"

उजवं तुझं की माझं
यावरून आम्ही भांडलोही आहोत.
एकदा तर शेजारच्या कुंदाबायने
स्वतःच्या चुलीपुढून ओरडून निवाडा दिला.

एरवी दिवसभरात आम्ही काय बोलतो?
बांगडे कसे दिले. गॅस कधी लावला होता.
पण तो कौलांवर असला
की बोलणं आवाज चढवून,
दर वाक्याला उत्तर हवंच,
नाही तर काम अडायचं.

चवथ झाल्यावर एकदा
तो शिडीच्या चौथ्या पायरीवर थांबला.
थांबूनच राहिला.
मी आतून ओरडले, "अजून येवंक ना!"
वरून काही नाही.
बाहेर येऊन पाहते तर एक हात गुडघ्यावर
आणि नजर माडाच्या शेंड्याला,
जणू तिथेच काही काम निघालंय.
"नारळ पाडून घ्यायला हवेत," म्हणाला
आणि उतरला,
प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत.
त्या रात्रीची मालिका चौकोनांतच पाहिली.
कुणीतरी कुणालातरी क्षमा करत होतं.
कुणाला, ते दिसलं नाही.

म्हणून रोमाल्दने माझ्याकडे पाहिलं तेव्हा
मीही म्हटलं, हो रे,
चित्रासाठीच.

खांबावरून काळी वायर आली,
खिडकीच्या कोपऱ्यातून आत शिरली,
आणि चित्र असं उमटलं
की बाईच्या गळ्यावर पावडर जिथे संपते
ती रेघसुद्धा दिसली.
चेंडूची शिवण दिसली.
रोहिदास म्हणाला, वा.
रोमाल्द पावती फाडून गेला.
आम्ही बसलो.
सगळं नीट दिसत होतं.
तासाभराने मी विचारलं, आवाज वाढवू?
येतोय ऐकू, म्हणाला.

डिश भंगारवाल्याला दिली नाही.
नव्वद रुपये देत होता,
मलाच काही सुचलं नाही, नको म्हटलं.
एप्रिलात भिरंडां फोडली,
सालं मिठात घोळून तिच्यात पसरली.
खोलगट आहे, घरंगळत नाहीत.

पण अंगणातलं ऊन एका जागी कुठे थांबतं?
त्याच दोन माडांची सावली सरकत येते.
रोहिदास पाटावर बसून डिश वळवतो,
त्याला शिडी लागत नाही.
आज मी आत होते, रसाने हात कोपरापर्यंत लाल,
तेव्हा बाहेरून आला
तो कौलांवरचा आवाज, पूर्ण चढवलेला:
"आयलें?"

खिडकीतून पाहिलं. अर्धी सालं अजून सावलीत.
"मातशें उजवेकडेन!"

"तुझ्या की माझ्या?"